होकार मोकळा हवा

पहाटे ४.३०

दिवसाचं पहिलं काम कादंबरीचं. आष्टीत या वेळी जामखेड रस्त्यावरच्या मालमोटारींचा तेवढा आवाज असतो. चहा करून घेते, प्रार्थना करते आणि वही उघडते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हा वेळ माझा आहे. पहिला मसुदा हातानंच लिहिते, कारण हात सावकाश चालतो आणि पात्रांनाही सावकाश बोलावं लागतं.

कादंबरीचा काळ १८९९-१९०० च्या दुष्काळाचा. सारजा आष्टीकडची, म्हणजे त्या वेळच्या मोगलाईतली. नवरा पटकीनं गेलेला, कडेवर तीन वर्षांचा मुलगा. ती निजामाची हद्द ओलांडून नगरकडच्या इंग्रजी मुलखात दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते. तिथल्या एका खेड्यात केरूजी अमेरिकन मराठी मिशनची शाळा चालवतो. त्याची बायको वारलेली, घरात लहान मुलगी. मुलीला आई हवी, सारजाच्या लेकराला छप्पर हवं. दोघांत प्रेम नाही, ओळखही जेमतेम. अशा दोन माणसांचं घर कसं उभं राहतं, ही माझी गोष्ट.

वाचकांना हा साचा अमेरिकेतून आलेला वाटेल, आणि एका अर्थानं तो आलेला आहेच. तिकडे ‘सरहद्दीवरची ख्रिस्ती प्रेमकथा’ असा कादंबऱ्यांचा एक मोठा प्रवाह आहे. पश्चिमेकडे सरकणाऱ्या वसाहती, बैलांनी ओढलेले छपराचे गाडे, मातीच्या ढेकळांची घरं, आणि त्यात देवावर विश्वास ठेवून जगू पाहणारी एक बाई आणि एक बाप्या. या कादंबऱ्या मी बऱ्याच वाचल्या आहेत आणि मला त्या मनापासून आवडतात. पण मी जिथे राहते तिथेही एक सरहद्द होती. एकीकडे निजामाचा हाली रुपया, दुसरीकडे इंग्रजांचा कळदार. एकीकडे कचेरीची भाषा उर्दू, दुसरीकडे इंग्रजी आणि मराठी. मध्ये करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं नाकं. बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. नगर आणि बीडमधली ती हद्द दुष्काळात पोटासाठी ओलांडणाऱ्या बायांची गोष्ट मराठीत यावी, म्हणून ही वही.

आज लिहायचा आहे तो सगळ्यात अवघड प्रसंग. केरूजी सारजाला लग्नाचं विचारतो. तिनं काय म्हणायचं, यावर माझी लेखणी अडलेली आहे. उपाशी माणसानं दिलेला होकार खरा कसा मानायचा?

सकाळी ६.३०

झाडलोट, पाणी, आणि भाकरी. शेजारच्या आजी उन्हाला येऊन बसतात. त्या ख्रिस्ती नाहीत, मी आहे. माझ्या कादंबरीची पहिली परीक्षा बहुतेक वेळा त्यांच्याच ओट्यावर होते. त्यांनी स्वतः जातं ओढलेलं आहे, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली आहे. सुकडी खाल्लेली आहे. माझ्या सारजाला खडीच्या ढिगाशी बसवायचं तर आजींचा हात मला उसना घ्यावा लागतो.

आज त्यांना विचारलं, “आजी, कामावर बाईला सगळ्यात जड काय जायचं? ऊन का उपास?”

“लेकरू,” त्या लगेच म्हणाल्या. “लेकराला सावली कुठं करावी, हाच घोर. हात खडीवर आन् डोळा लेकरावर. बोटं ठेचायची ती त्याच्यापायी, बाई.”

तेवढं वाक्य मी वहीच्या समासात लिहून घेतलं. केरूजी सारजाला पहिल्यांदा पाहतो, तेव्हा तिची ठेचलेली बोटं त्याला दिसतील. तो तिच्या रूपाकडे पाहत नाही. तो शाळेचं जुनं तरट आणतो, चार काठ्या रोवतो आणि कामावरच्या सगळ्या लेकरांसाठी सावली करतो. फक्त सारजाच्या मुलासाठी केली असती, तर त्यात मागणं आलं असतं.

सकाळी ८.००

हा तास वाचनाचा. टेबलावर जॅनेट ओक यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’. १९७९ साली आलेली ही कादंबरी या प्रवाहातली अगदी पायाची मानतात. लेखिका कॅनडातल्या, अल्बर्टा प्रांतात जन्मलेल्या. गोष्ट अशी: मार्टी नावाची कोवळी बायको नवऱ्याबरोबर पश्चिमेला निघते, वाटेत नवरा अपघातात जातो, थंडी तोंडावर, आणि ती गरोदर. क्लार्क नावाचा विधुर शेतकरी तिला सांगतो की माझ्या लहान मुलीला आई हवी आहे, तू नावापुरतं लग्न कर. वसंतात गाड्यांचा तांडा पूर्वेकडे निघाला आणि तुला जायचं असलं, तर भाडं मी भरीन.

या शेवटच्या वाक्यासाठी मी ही कादंबरी पुन्हा पुन्हा उघडते. लाखो वाचकांना त्यातलं हळूहळू उमलणारं प्रेम आठवतं. मला मात्र परतीचं भाडं आठवतं. क्लार्कनं तिच्यासाठी माघारीची वाट मोकळी ठेवली, म्हणून पुढे ती राहिली तेव्हा तिच्या राहण्याला किंमत आली.

दुसरं पुस्तक फ्रान्सिन रिव्हर्स यांचं ‘रिडीमिंग लव्ह’, १९९१ चं. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या धावपळीचा काळ, आणि पाया बायबलातल्या होशेय संदेष्ट्याच्या गोष्टीचा. त्यातली नायिका पुन्हा पुन्हा घर सोडून जाते. आणि तिला जाता येतं, हेच मला त्या गोष्टीचं बळ वाटतं.

पण या कादंबऱ्यांतली एक गोष्ट मी घेणार नाही. त्यांतली जमीन बहुधा रिकामी असते. खरी जमीन रिकामी नव्हती. २० मे १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं कुटुंबप्रमुखाला किंवा एकवीस वर्षांवरच्या माणसाला १६० एकर मिळू लागले. पाच वर्षं राहायचं, कसायचं, की जमीन नावावर. त्या जमिनीवर आधी लोक होते. नेब्रास्कातल्या पॉनी लोकांना १८७० च्या दशकात आपली भूमी सोडून दक्षिणेला जावं लागलं. ज्या प्रेमकथेत देवाची करुणा सांगायची, तिनं हे विसरून कसं चालेल?

त्याच कायद्याची दुसरी बाजूही वहीत आहे. विधवेला आणि अविवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर जमीन मागता येत होती, लग्न झालेल्या बाईला सहसा नाही. म्हणजे तिकडच्या सरहद्दीवर एखाद्या बाईनं लग्नाला होकार दिला, तर ती काहीतरी हातचं सोडून देत होती. प्रेमकथा लिहिणाऱ्यानं हा हिशेब मांडला, तर नायिकेचा होकार किती वजनाचा होता ते कळतं.

या तासात आणखी एक पुस्तक हाताशी असतं, आणि ते मराठी आहे: पंडिता रमाबाईंचं अमेरिकेवरचं, १८८९ साली प्रसिद्ध झालेलं. १८८६ ते १८८८ या काळात त्या अमेरिकेत होत्या, पार पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेल्या आणि सान फ्रान्सिस्कोहून जहाजानं परतीला लागल्या. सरहद्द संपल्याचं अमेरिकेनं १८९० च्या जनगणनेनंतर जाहीर केलं. त्याच्या अगदी तोंडावर एक मराठी विधवा, एक ख्रिस्ती बाई, तो देश ओलांडून गेली आणि तिनं मराठीत सगळं लिहून ठेवलं. अमेरिकन सरहद्द आपल्याला परक्या डोळ्यांनीच पाहायला हवी असं नाही.

सकाळी १०.००

आता लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’. या पुस्तकाचा रोज थोडा भाग वाचते, मग माझ्या पात्रांकडे वळते. मराठी ख्रिस्ती प्रेमकथा लिहू पाहणाऱ्याला लक्ष्मीबाई टिळकांच्या दारावरून जावंच लागतं.

१८८० च्या सुमारास जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका नारायण वामन टिळकांची लक्ष्मी झाली. १८९३ साली टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशानं बायबल दिलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. लहानगा दत्तू त्यांच्याजवळ, नवरा धर्माबाहेर, लोक सांत्वनाला येतात आणि जखम उकरून जातात. काही वर्षं ताटातूट. मग त्या नवऱ्याकडे आल्या, पण आपलं सोवळं घेऊन आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एका छपराखाली दोन धर्म, दोन चुली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचारानं जातिभेद मनातून गेल्यावर.

टिळकांचं कवित्व मोठं. मराठी मंडळ्यांत आजही रविवारी त्यांची गीतं गातात, मी लहानपणापासून गात आले. तुकारामांमुळे आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते म्हणत. पण कादंबरीकार म्हणून मला ती दुसरी चूल जास्त शिकवते. तापट, उतावळा, हातचं सगळं कुणालाही देऊन टाकणारा हा माणूस. त्याच्या घरात बायकोची वेगळी चूल जळत राहिली. तिच्या श्रद्धेला तिचा वेळ मिळाला. पुढे टिळकांनी दुष्काळातली, निराधार मुलं घरी आणली, तेव्हा त्यांच्यामागे उभी राहणारी बाई मन मारून आलेली नव्हती. टिळक ९ मे १९१९ ला गेले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागलं. नवऱ्याच्या माघारी इतक्या वर्षांनी ती बाई त्याच्याशी भांडते, त्याला हसते, त्याच्यावर प्रेम करते, आणि पुस्तकभर एकदाही खोटं बोलत नाही.

साडेदहाच्या सुमारास माझ्या वहीत एक निर्णय झाला. केरूजीच्या घरी सारजा आली तरी तिची चूल वेगळी राहील. तिच्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक तिच्याजवळ राहील. केरूजी त्याला हात लावणार नाही, नाक मुरडणार नाही. मिशनमधले काही लोक नाराज होतील, तेही दाखवीन. सारजाचं जुनं जग काळं रंगवून ख्रिस्ताचा उजेड जास्त पडत नाही. ज्या आईनं तिला जात्यावर देवाचं नाव घ्यायला शिकवलं, तिचा मान राखूनच ती नव्या प्रार्थनेपर्यंत जाऊ शकते.

दुपारी १२.००

आता कायदा आणि रूढी. प्रेमकथेत हे कोरडं वाटेल, पण गोष्ट उभी राहते ती यावरच.

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून मानली जाते ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ सालची. तीही ख्रिस्ती लेखकाची, आणि विषय विधवांचा. पण यमुनेचं दुःख उच्चवर्णीय विधवेचं: केशवपन, कोंडलेपण, पुनर्विवाहाला बंदी. पुनर्विवाहाचा कायदा झाला होता १८५६ साली, म्हणजे कादंबरीच्या आदल्याच वर्षी. माझी सारजा कुणब्याच्या घरची. तिच्यात पाट लावायची रीत होतीच, तिला कुणी डोकं भादरायला बसवणार नव्हतं. मग ती दिराच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या नावानं पाट लावून गावातच का राहत नाही?

याचं उत्तर मुलात आहे. पाट लावून गेलेल्या बाईचं पहिल्या घरचं मूल बहुधा पहिल्याच घरात राही. सारजाला नवरा मिळाला असता, पण लेकरू गेलं असतं. म्हणून ती हद्द ओलांडते. आणि केरूजीच्या बोलण्यातला पहिला शब्द लेकराविषयी असतो, म्हणून ती ऐकून घेते.

दुसरा प्रश्न होता, बाप्तिस्मा न घेता तिला केरूजीशी लग्न करता येईल का? १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात वधूवरांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चालतं. चर्चमध्ये कुरकूर होईल, पाळक समजावतील, पण कायद्याची आडकाठी नाही. म्हणजे सारजानं लग्न केलं म्हणून श्रद्धा बदलायची सक्ती नाही, आणि श्रद्धा बदलली नाही म्हणून लग्न अडत नाही. दोन्ही होकार वेगळे ठेवायला मला १८७२ चा कायदा मदत करतो. अशी जागा मिळाली की त्या दिवशी दुपारची भाकरी गोड लागते.

दुपारी १.३०

जेवण: बाजरीची भाकर, येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी. मग थोडी पाठ टेकते.

दुष्काळात ख्रिस्ती झालेल्या लोकांना ‘पोटासाठी बाटलेले’ म्हणत. हा शब्द आमच्या घराण्यानंही ऐकलेला आहे, आणि म्हणून मी त्याच्याशी या कादंबरीत समोरासमोर बोलणार आहे. १९०० च्या मे महिन्यात ‘क्विटो’ नावाचं जहाज न्यूयॉर्कहून मका भरून मुंबईला निघालं. ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाच्या वाचकांनी दुष्काळग्रस्तांसाठी पैसा उभा केला होता. मका हे अमेरिकेतल्या मैदानांचं पीक. ज्या देशाच्या सरहद्दीवरच्या कथा मी सकाळी वाचते, तिथलं धान्य आपल्याकडच्या भुकेल्या माणसांसाठी समुद्र ओलांडून आलं. त्या दयेबद्दल मला कृतज्ञता आहे. पण ते धान्य वाटणाऱ्याच्या हातात सत्ता होती, हेही खरं आहे. धान्याची पोती ज्याच्या ताब्यात, त्याचा देवही मग जबरदस्त वाटू लागतो. कुणी पोटासाठी आलं असेल, तर भुकेल्या माणसाला त्याबद्दल नावं ठेवण्याचा हक्क पोट भरलेल्याला नाही. आणि पोटासाठी आलेला माणूस पुढे मनानं आला असेल, तर त्याचं ते मन नाकारण्याचाही हक्क कुणाला नाही.

दुपारी ३.००

ऊन कललं की बाहेर पडते. बसनं कडा या गावापर्यंत. धानोरा ओलांडून पुढे गेलं की चिचोंडी पाटील, नगर जिल्हा. जुनी हद्द आता नुसती पाटीवर आहे. नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे २०२२ साली आली, पुढे ती बीडपर्यंत गेली. माळरान मात्र तसंच आहे: उथळ माती, वर आलेला खडक, बाभळी, मधूनच तुरीचा हिरवा पट्टा. सारजा चालली ती वाट मी डोळ्यांनी मोजत राहते.

दिवाळी सरली की या रस्त्यानं ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, सरपण, शेळी, कोंबड्या, बाज, आणि सगळ्यांच्या वर लेकरं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाकडून आधी घेतलेली, ती बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात पडलेली, आणि फेडायची दोघांनी. कारखान्याच्या आवारात पाचटाची कोपी. पहाटे फडात, रात्री-अपरात्री गाडी भरायची. अमेरिकन कादंबऱ्यांतले छपराचे गाडे मला इथूनच समजले. तिकडे गाडा जमिनीकडे जायचा, इकडे टोळी उसाच्या फडाकडे जाते आणि चार-पाच महिन्यांनी माघारी येते.

कड्याच्या फाट्यावर एक टोळी डिझेलसाठी थांबली होती. एक तरुण बाई लेकराला पाजत बसली होती. बोलता बोलता मी विचारलं, “नवऱ्यासंगं जमतंय ना?”

ती हसली. “फडात दोघांचे हात बराबर चालले का बोलायचं काम पडत न्हाई, मॅडम.” मग थोडं थांबून म्हणाली, “पर खरं कळतं ते उचल फिटल्यावर. फिटेस्तोवर कुणी कुठं जात न्हाई. जायला यावं आन् तरी ऱ्हावं, तवा म्हनावं.”

ट्रॅक्टर सुरू झाला, ती वर चढली. मी तिचं नाव विचारलं नाही आणि इथे लिहिलंही नसतं. पण पहाटे माझी लेखणी ज्या प्रश्नावर अडली होती, त्याचं उत्तर ती देऊन गेली. सारजाच्या अंगावर उपकाराची उचल असेल, तोवर तिचा होकार वाचकानं खरा मानू नये, आणि केरूजीनंही मानू नये.

सायंकाळी ५.३०

परतीच्या बसमध्ये टिपणं काढते. केरूजीनं सारजाला काय द्यायला हवं? लुगडं नको, दागिना नको. काम हवं, आणि त्या कामाची तिच्या हातात पडणारी मजुरी.

याचा नमुना मला माझ्या अगदी शेजारी सापडतो. आष्टीच्या पुढचं मोठं गाव जामखेड. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती जोडप्यानं ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. दोघं वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत पुढचं शिक्षण घेतलेले. शहरात सुखानं राहता आलं असतं. त्यांनी दुष्काळी जामखेड निवडलं. आणि त्यांनी आरोग्याची किल्ली डॉक्टरांच्या हातात न ठेवता गावातल्या बायांच्या हातात दिली. शाळा न पाहिलेल्या, गावकुसाबाहेरच्या, नवऱ्यानं टाकलेल्या बाया बाळंतपण करायला शिकल्या, जुलाबावर साखर-मिठाचं पाणी द्यायला शिकल्या, सभेत उभं राहून बोलायला शिकल्या. १९७९ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९९ साली मेबल गेल्या, २०११ साली रजनीकांत.

मला हीसुद्धा सरहद्दीवरची ख्रिस्ती प्रेमकथा वाटते. दोन माणसांनी एकमेकांशी लग्न केलं आणि एका कामाशी केलं, आणि त्या कामानं दुसऱ्यांना मोकळं केलं. त्यांच्या हातून शिकलेल्या बाईला कुणाचंही मिंधं राहावं लागलं नाही. केरूजीला शिकवायचं ते हेच.

सायंकाळी ७.३०

दिवाबत्ती, प्रार्थना. मग जामखेडच्या मैत्रिणीचा फोन. ती नर्स होती, आता माझ्यासारखीच निवृत्त. लिहिलेलं प्रत्येक प्रकरण मी तिला वाचून दाखवते. आज तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अगं, केरूजी देवाजवळ काय मागतो? तू त्याला नुसताच चांगला करून ठेवलास. त्याला ती हवी आहे का नको?”

“हवी आहे.”

“मग ते त्याला देवापुढे तरी बोलू दे. मंडळीत बोलणार नाही, तिच्यापुढे बोलणार नाही, पण बापापुढे बोलेल की!”

तिचं खरं आहे. या प्रकारच्या कथांत सज्जन नायक पुष्कळदा दगडासारखा सज्जन होऊन बसतो. माणसाला हवंसं वाटतं, आणि हवंसं वाटत असतानाही तो हात मागे ठेवतो, तेव्हा त्याची श्रद्धा दिसते. केरूजी रात्री शाळेत एकटा बसून प्रार्थना करील. ‘ती माझी होऊ दे’ असं त्याच्या ओठांवर येईल. आणि मग तो मागेल ते तिला पुरेसं धान्य, तिच्या मुलाला आयुष्य, आणि ती गेली तर तिच्यामागे कडू न होण्याचं बळ. अशी प्रार्थना मी आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. साध्या शब्दांची, थांबत थांबत केलेली.

रात्री ९.००

दिवसाचं शेवटचं काम पुन्हा वहीत. पहाटे अडलेलं प्रकरण मी आता उलटं बांधते. केरूजी दुष्काळात विचारणारच नाही. आधी तो सारजाला मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात दळणाकांडणाचं काम मिळवून देईल, रोख मजुरीचं. तिची मजुरी तिच्या गाठीला. तिच्या लेकराचं नाव शाळेच्या पटावर. दोघं एकमेकांची मुलं सांभाळतात, एकमेकांचा स्वभाव सोसतात. तो तिला अक्षरं शिकवतो, ती त्याच्या मुलीला भाकरी थापायला शिकवते. एकदा ती रागावून चार दिवस बोलत नाही, एकदा तो. मग पाऊस येतो. आष्टीहून दीर निरोप धाडतो की पेरणीला ये, लेकरू तुझ्यापाशीच राहील, पंचांपुढे शब्द देतो. म्हणजे माघारीची वाटही खुली होते. आणि तेव्हा, बाजरी हाती आल्यावर, मजुरीचे कळदार रुपये तिच्या ओच्यात असताना, तो विचारतो.

ती लग्नाला हो म्हणते. बाप्तिस्म्याबद्दल ती म्हणते, ते मी माझ्या देवाला आणि तुमच्या देवाला विचारून सांगीन, घाई करू नका. केरूजी मान हलवतो. त्या उत्तराची वाट पाहण्यात कादंबरीचा दुसरा भाग जाईल, आणि ती काय ठरवील हे आज मलाही तिच्यावरच सोडायचं आहे.

जोडप्यांच्या सरहद्दी आजही आहेत: उचलीच्या, भुकेच्या, जातीच्या, धर्माच्या. त्यांवर प्रेमकथा लिहिणाऱ्यानं आपल्या नायिकेच्या हातात आधी भाकरी, मजुरी आणि परतीची वाट द्यावी, मग तिच्या तोंडी होकार घालावा. ख्रिस्तानं लोकांना हाक मारली, पण श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा त्याला अडवलं नाही. मी ज्याच्यावर विश्वास ठेवते तो देव असा आहे, म्हणून माझी प्रेमकथाही अशीच असायला हवी. उद्या पहाटे दिराचा निरोप लिहायला घेईन.